ड्रॉपर सीटपोस्ट असलेल्या माउंटन बाइकला सॅडल बॅग कशी बांधावी

ज्या माउंटन बाइकला ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे चालवताना लिव्हर दाबून सीट वरखाली करू देणारा दांडा आहे, तिला नेहमीच्या पद्धतीने सॅडल बॅग बांधली की ती त्या पोस्टच्या मुळावर येते. साध्या सायकलची बॅग तीन ठिकाणी धरलेली असते: सीटच्या खालच्या दोन दांड्यांना, म्हणजे रेलना, दोन पट्टे आणि सीटपोस्टभोवती तिसरा वेल्क्रोचा पट्टा. हा तिसरा पट्टा बॅग डुलू देत नाही, म्हणून साध्या पोस्टवर तो फार उपयोगाचा असतो. ड्रॉपरवर मात्र तो नेमका त्या गुळगुळीत नळीवर बसतो, जी दर उतारावर खालच्या नळीत शिरते आणि पुन्हा वर येते.

मुंबईत हा प्रश्न जरा जास्तच जाणवतो, कारण आपल्यापैकी बहुतेक जण गाडीवर सायकल टाकून डोंगराच्या पायथ्याशी जात नाहीत. घरापासून सायकल चालवतच आरे, येऊर किंवा खारघर गाठतात. म्हणजे आधी दहा-पंधरा किलोमीटर डांबर, खड्डे आणि गतिरोधक, तेही सीट पूर्ण वर ठेवून, आणि मग दगडगोट्यांची वाट सीट खाली घेऊन. एकाच बॅगेने या दोन्ही अवस्थांत नीट राहिले पाहिजे. शिवाय पाठीवर पिशवी घेणे हा पर्याय इथल्या दमट हवेत फार काळ टिकत नाही; एप्रिल-मे महिन्यांत चढ संपेपर्यंत पाठ चिंब झालेली असते. म्हणून सायकलवरच सामान नेण्याची नीट सोय करणे गरजेचे ठरते.

आधी पोस्टची रचना समजून घ्यावी

ड्रॉपर म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. बाहेरची नळी फ्रेममध्ये आवळलेली असते. तिचा व्यास बहुधा ३०.९ किंवा ३१.६ मिलिमीटर, काही नव्या फ्रेमना ३४.९ आणि काही बारीक फ्रेमना २७.२ मिलिमीटर असतो. आतली नळी, जिला स्टँशन म्हणतात, सीटला धरून असते आणि हँडलवरील लिव्हर दाबला की वरखाली सरकते. तिची चाल १०० मिलिमीटरपासून २०० मिलिमीटरच्याही पुढे असू शकते. दोन्ही नळ्या जिथे भेटतात तिथे कॉलर, म्हणजे गोल कडे, असते आणि कॉलरमध्ये रबराचा वायपर सील बसवलेला असतो. स्टँशनवरची धूळ आणि पाणी पुसून काढून आत जाऊ न देणे एवढेच या सीलचे काम. ते काम तो तेव्हाच करू शकतो, जेव्हा स्टँशनचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असतो.

वेल्क्रोच्या पट्ट्याची एक बाजू खरखरीत असते आणि तिच्यात माती अडकते. सायकल खड्ड्यातून गेली की बॅग हलते, बॅगेबरोबर पट्टा हलतो आणि अडकलेली माती पॉलिश पेपरसारखी स्टँशन घासत राहते. माझ्या पहिल्या ड्रॉपरवर एका पावसाळ्यात अशीच एक पुसट, धुरकट कडी उमटली. पट्टा घट्ट आहे, म्हणजे तो सरकणार नाही आणि सरकला नाही तर घासणारही नाही, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. ऑक्टोबरमध्ये येऊरच्या उतारावर सीट खाली जाताना अडखळू लागली. कॉलर उघडून पाहिली तेव्हा सीलची कड फाटलेली होती आणि आत चॉकलेटी चिखल साचलेला होता. त्या दिवसापासून मी एकच नियम पाळतो: स्टँशनला हवा आणि पुसायचे फडके यांखेरीज कशाचाही स्पर्श होता कामा नये.

मोजमाप: सर्वांत महत्त्वाचे काम

बॅग विकत घेण्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी. बहुतेक जण सीट वर असताना मागच्या चाकापर्यंतची जागा डोळ्यांनी पाहतात आणि भरपूर जागा आहे असे ठरवतात. खरी जागा कळते ती सीट पूर्ण खाली आणि मागचे सस्पेन्शन पूर्ण दाबलेले असताना.

हार्डटेल सायकल असेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसेल, तर काम सोपे आहे. सायकल भिंतीला टेकवावी, लिव्हर दाबून सीट तळापर्यंत न्यावी आणि रेलच्या मागच्या वळणापासून टायरच्या सर्वांत जवळच्या गाठीपर्यंतचे अंतर मोजावे. समजा, हे अंतर ८० ते ९० मिलिमीटर भरले. त्यातून ३५ मिलिमीटर वजा करावेत. हा आकडा मी सवयीने वापरतो आणि त्यामागे कारणे आहेत: पावसाळ्यात टायरवर चिखलाचा थर चढतो आणि चाकाची त्रिज्या सहज पाच-दहा मिलिमीटरने वाढते, ओला झालेला नायलॉनचा पट्टा सैल पडतो, आणि भरलेली बॅग दुकानात लटकवलेल्या रिकाम्या बॅगेपेक्षा नेहमीच जास्त खाली लोंबते. वजाबाकीनंतर उरलेले ४५ ते ५५ मिलिमीटर ही भरलेल्या बॅगेची जास्तीत जास्त उंची. दुकानात दिसणाऱ्या पुष्कळ बॅगा याहून उंच असतात.

मागे सस्पेन्शन असेल तर थोडी खटपट करावी लागते, पण ती टाळू नये. एअर शॉक, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा शॉक, असेल तर प्रथम शॉक पंप लावून आतला दाब किती पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) आहे ते लिहून ठेवावे. मग हवा थोडी थोडी सोडावी आणि मधूनमधून सीटवर हलका दाब देऊन शॉक वरखाली करावा. मुख्य कप्प्यातील सगळी हवा एकदम सोडली तर विरुद्ध बाजूच्या छोट्या कप्प्यात हवा अडकून शॉक दबलेलाच राहू शकतो. हवा गेल्यावर सीट तळाला न्यावी, मागचा भाग पूर्ण दाबून धरावा आणि दुसऱ्या कुणाला तरी अंतर मोजायला सांगावे. एकट्याने हे नीट जमत नाही. पुन्हा हवा भरतानाही टप्प्याटप्प्याने भरावी, प्रत्येक टप्प्यानंतर शॉक काही वेळा दाबावा आणि शेवटी लिहून ठेवलेल्या आकड्यावर आणावा. कॉइल शॉक असेल तर स्प्रिंग काढावी लागते. त्याची सवय नसल्यास ते काम मेकॅनिककडून करून घ्यावे.

या मोजमापातून कधीकधी निराशाजनक उत्तर मिळते. लहान मापाची फ्रेम, २९ इंची चाक, लांब चालीचा ड्रॉपर आणि १३० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक मागचे सस्पेन्शन असे सगळे एकत्र आले की टायर सीटच्या मागच्या टोकापर्यंतच पोहोचतो. तिथे बॅगेला जागाच नसते आणि छोटीशी बॅग तरी बसवून पाहू हा मोह सोडून द्यावा. उतारावर वेगात असताना मागचे चाक बॅगेत घुसले तर ते क्षणभर अडते, पट्टा ओढला जाऊन चाकात गुंतू शकतो, आणि हे नेमके तेव्हा घडते जेव्हा चालकाचे वजन मागे असते आणि खालची जमीन खडबडीत असते. अशा सायकलवर ट्यूब आणि अवजारे फ्रेमच्या वरच्या दांड्याखाली रुंद पट्ट्याने बांधणे हाच योग्य मार्ग आहे. माझ्या मते त्यात काही कमीपणा नाही, उलट वजन सायकलच्या मध्याजवळ येते.

बॅग कोणती घ्यावी

जागा पुरेशी असेल तर अर्धा लिटरच्या आसपासची, बसकी आणि रुंद बॅग पाहावी. उंच आणि निमुळती नको. ती केवळ रेलना धरणारी असावी, सीटपोस्टचा पट्टा तिला मुळातच नसावा. असा पट्टा असलेली बॅग घेऊन तो कापून टाकण्याचा प्रयोग बरेच जण करतात, पण मग ती पुढून मोकळी राहून गतिरोधकावर झोके घेते, कारण तिची रचनाच तीन आधारांची असते. केवळ रेलवर बसणाऱ्या बॅगेचा पट्टा संपूर्ण बॅगेला वेढून सामान घट्ट दाबून धरतो. काहींना पट्ट्याऐवजी फिरवून आवळण्याची चकती असते. चिखलात ती नीट चालावी यासाठी वेळोवेळी धुवावी लागते.

रेलवर नटबोल्टने बसणाऱ्या आणि बॅग चटकन निघणाऱ्या क्लिपही मिळतात. सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी करणाऱ्यांना ही सोय मोलाची वाटते, कारण बॅग रोज काढून घरी नेता येते. एक मात्र तपासावे: अशा क्लिप बहुधा ७ मिलिमीटरच्या गोल रेलसाठी असतात. कार्बनच्या रेल सामान्यतः लंबगोल, ७ बाय ९ मिलिमीटरच्या असतात आणि त्यांवर गोल रेलची क्लिप आवळली तर त्या चिरडून तडकू शकतात.

प्रत्यक्ष बांधणी

बांधायच्या आधी सीट पूर्ण वर घ्यावी आणि रेल, सीटचा खालचा भाग आणि स्टँशन ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. रेलवर धूळ राहिली तर पट्टा घसरतो. बॅग रिकामी बांधून मग भरू नये. आधी सामान भरावे आणि तिचा खरा आकार आल्यावरच पट्टा आवळावा.

पट्टा रेलच्या मधल्या सरळ भागात घ्यावा. फार मागे घेतला तर बॅग टायरच्या बाजूला झुकते आणि फार पुढे घेतला तर तिचे तोंड स्टँशनला टेकते. ड्रॉपरच्या वरच्या टोकाला सीट धरणारे बोल्ट असतात. पट्ट्याची घडी त्यांवर येऊ देऊ नये, नाही तर सीटचा कोन बदलायचा झाला तर सगळे सोडावे लागते. बॅगेचे पुढचे टोक आणि स्टँशन यांच्यात किमान करंगळी सहज जाईल इतकी मोकळी जागा ठेवावी. पोस्टचा लिव्हर दाबण्याची तार बाहेरून आलेली असेल, जसे जुन्या काही पोस्टमध्ये असते, तर सीट खाली जाताना ती तार वळून बाहेर येते. तिच्या वाटेत पट्टा नाही ना हेही पाहावे.

पट्टा हाताने जेवढा आवळता येईल तेवढा आवळल्यावर उरलेले शेपूट मोकळे सोडू नये. ते परत बकलमध्ये ओवावे किंवा रबराच्या कडीत अडकवावे. सीट खाली असताना मांड्यांची आतली बाजू बॅगेला घासते आणि लोंबणारे शेपूट मागच्या चाकाकडे जाते. या दोन्ही गोष्टी घरी उभ्या सायकलवर दिसत नाहीत.

आता तपासणी. सीट हाताने दाबून सावकाश खाली न्यावी आणि बॅग कॉलरला किंवा फ्रेमला कुठे टेकते का ते बाजूने पाहावे. मग सीटवर बसून दोन-तीन वेळा जोरात उसळी घ्यावी. त्यानंतर बॅगेच्या तळाला खडूची भुकटी चोळून इमारतीच्या आवारात दोन फेऱ्या माराव्यात, पायरीवरून किंवा फुटपाथच्या कडेवरून सीट खाली ठेवून उतरावे आणि टायरवर खडू लागला का ते पाहावे. ही खडूची युक्ती मला अतिशय भरवशाची वाटते, कारण हलकासा स्पर्श आवाज करत नाही, पण खूण सोडतो. पहिल्या खऱ्या फेरीत अर्ध्या तासाने थांबून पट्टा पुन्हा आवळावा; नवा पट्टा एकदा तरी सैल पडतोच.

पुढे कधी जाड टायर घातला, सीट रेलवर मागे सरकवली किंवा तिचा कोन बदलला, तर मोजमाप पुन्हा करावे.

आत काय ठेवावे

अर्ध्या लिटरमध्ये एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटे मल्टिटूल, साखळीची एक जोडकडी आणि ट्यूबलेस टायर असेल तर भोक बुजवण्याचे प्लग एवढे बसते. मल्टिटूलमध्ये टी-२५ हे चांदणीच्या आकाराचे टोक आहे याची खात्री करावी, कारण डिस्क ब्रेकच्या रोटरचे बोल्ट बहुधा त्याच मापाचे असतात. जोडकडी आपल्या साखळीच्या गिअरसंख्येची हवी. १२ गिअरच्या साखळीला ९ गिअरची कडी चालत नाही.

ट्यूब उघडी ठेवू नये. सतत थरथरणाऱ्या बॅगेत अवजारांची धातूची कड ट्यूबला घासून तिला भोक पाडते आणि ते कळते जंगलात, पंक्चर झाल्यावर. ट्यूबची हवा पूर्ण काढावी, व्हॉल्व्हला टोपण लावावे, टाल्कम पावडर चोळून घट्ट गुंडाळी करावी आणि ती जुन्या मोज्यात घालावी. मोजा पुढे हात पुसायलाही उपयोगी पडतो. जड वस्तू पुढे, पोस्टच्या बाजूला, आणि हलक्या मागे ठेवाव्यात. जड मल्टिटूल मागच्या टोकाला गेले की बॅगेचे नाक वर आणि शेपटी चाकाकडे होते. पंप या बॅगेत कोंबू नये, तो बाटलीच्या स्टँडशेजारी लावावा.

मागचा दिवा आणि मडगार्ड

बॅगेचा विचार करणारे पुष्कळ जण हे विसरतात. मागचा लाल दिवा आणि चिमट्याने बसणारे मडगार्ड हे दोन्ही सर्वसाधारणपणे सीटपोस्टवर लावतात आणि दोन्ही स्टँशनचे तितकेच नुकसान करतात. मडगार्ड तर अधिक, कारण ते लांब असते आणि प्रत्येक धक्क्याला त्याचा चिमटा पिळला जातो. पावसाळ्यात मागच्या चाकाचा चिखल थेट कॉलरवर उडतो, म्हणून मडगार्ड हवेच. पण ते रेलला अडकणारे छोटे, किंवा मागच्या फ्रेमच्या दांड्यांना बांधण्याचे असावे. रेलला अडकणारे घेतल्यास त्याची जाडी बॅगेच्या मोजमापात धरावी.

दिव्याबाबत मी अधिक आग्रही आहे. आपण पहाटे अंधारात निघतो आणि पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गावर त्या वेळी ट्रक आणि टँकर वेगाने जात असतात. बॅगेवरच्या कापडी पट्टीत अडकवलेला दिवा बॅग लोंबली की जमिनीकडे प्रकाश टाकतो आणि मागच्या चालकाला दिसतच नाही. बॅग ताठ राहत असेल तरच तिथे दिवा लावावा. नाही तर तो मागच्या डाव्या-उजव्या दांड्यावर, चाकाला न लागेल असा बसवावा. लावल्यावर सायकलपासून वीस पावले मागे जाऊन, गाडीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, सीट वर आणि सीट खाली अशा दोन्ही अवस्थांत तो दिसतो का ते पाहावे.

पावसाळ्यातील आणि खाऱ्या हवेतील निगा

जून ते सप्टेंबर प्रत्येक फेरीनंतर बॅग काढावी. ती तशीच ठेवली तर तिच्यात साठलेले पाणी थेंबाथेंबाने रेलवर आणि पोस्टच्या बोल्टवर गळत राहते, अवजारांना गंज चढतो आणि दोन दिवसांत आत बुरशीचा वास येतो. शिवलेल्या बॅगेची चेन जलरोधक असली तरी शिवणीतून पाणी शिरतेच, म्हणून अवजारे तेलाचा हात दिलेल्या फडक्यात गुंडाळून झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत. महिन्यातून एकदा सगळे सामान वर्तमानपत्रावर काढून पाहावे.

स्टँशन साध्या पाण्याने भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसावे आणि कॉलरच्या कडेवर साचलेला चिखल हलक्या हाताने काढावा. प्रेशरचा पाइप कॉलरवर मारू नये, पाणी सीलच्या आत ढकलले जाते. साखळीचे तेल किंवा गंज सोडवण्याचा फवारा स्टँशनवर मारण्याची सवय अनेकांना असते. फवारा आतले ग्रीस धुऊन काढतो आणि तेल धूळ धरून ठेवते, म्हणून दोन्ही टाळावेत. पोस्टच्या माहितीपत्रकात सांगितले असेल तसे कॉलर उघडून आतला भाग पुसावा आणि सस्पेन्शनचे ग्रीस पातळ थरात लावावे. पावसाळा संपल्यावर हे एकदा करणे चांगले. नखाने चाचपून जाणवणारा ओरखडा आढळला तर तो वाढू देऊ नये. तात्पुरता इलाज म्हणून त्या खाचेत पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब भरून, वाळल्यावर अगदी बारीक पॉलिश पेपरने पातळीत आणतात. त्याने सील वाचतो, पण खोल ओरखड्याला सुटा भाग बदलणे हाच उपाय आहे.

आणखी एक. सीट खाली असताना सीटला किंवा बॅगेला धरून सायकल उचलू नये. काही पोस्टमध्ये अशा ओढण्याने आतल्या तेलात हवा शिरते आणि मग सीटवर बसल्यावर ती थोडी खचते. जिना चढताना किंवा भाऊच्या धक्क्यावर बोटीत सायकल चढवताना फ्रेमला धरावे, किंवा आधी सीट पूर्ण वर करून घ्यावी.

मुक्कामाची मोठी बॅग

मांडव्याला बोटीने उतरून अलिबागच्या पुढे मुक्कामाला जायचे असेल तर दहा लिटरच्या आसपासची लांब सीट बॅग लागते आणि ती सीटपोस्टला बांधल्याशिवाय स्थिर राहत नाही. इथे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. पहिला म्हणजे स्टँशनवर बसणारी वेगळी धातूची कडी. वुल्फ टूथ या अमेरिकन कंपनीची व्हॅले नावाची कडी याच कामासाठी आहे. बॅगेचा पट्टा स्टँशनऐवजी कडीला वेढला जातो आणि घासणे थांबते. कडी घेताना आपल्या स्टँशनचा व्यास कॅलिपरने मोजून घ्यावा, आणि कडीच्या उंचीइतकी ड्रॉपरची चाल कमी होणार हे धरून चालावे. एवढे करूनही लांब बॅग आणि चाक यांचे अंतर वर सांगितल्याप्रमाणे मोजावेच लागते. बहुतेक सायकलींवर सीट थोडीशीच खाली घेता येते.

दुसरा मार्ग म्हणजे त्या प्रवासापुरता ड्रॉपरवर पाणी सोडणे. वाट डांबरी किंवा साध्या कच्च्या रस्त्याची असेल तर सीट खाली घेण्याची गरज फारशी पडत नाही. स्टँशन स्वच्छ पुसून त्यावर जाड पारदर्शक फ्रेम टेपचे दोन वेढे द्यावेत, त्यावर पट्टा बांधावा आणि लिव्हर चुकून दाबला जाऊ नये म्हणून तो क्लॅम्प सैल करून बाजूला फिरवून ठेवावा. टेप लावलेले असताना सीट एकदाही खाली नेऊ नये, नाही तर टेपची कड सीलला उलटी करते. परतल्यावर टेप काढून उरलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि मगच ड्रॉपर वापरावा. बॅगेतही जड सामान भरू नये. कपडे आणि चादर मागे, पाणी आणि अवजारे फ्रेममध्ये, अशी वाटणी ठेवावी, कारण मागे डुलणारे वजन स्टँशनला आतल्या बुशिंगवर, म्हणजे ते ज्यातून सरकते त्या कड्यावर, सतत आडवे ढकलते आणि थोड्याच प्रवासांत सीट डावी-उजवी हलू लागते. सीटचे टोक हातात धरून आडवे हलवून पाहण्याची सवय ठेवावी. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर यात फरक जाणवला, तर पुढच्या वेळी बॅगेतले वजन पुढे हँडलवर हलवावे.